शस्त्रं कमी करायची म्हणजे नेमकं काय करायचं? (न्यू स्टार्ट करार संपल्याच्या निमित्ताने)

गंगावेशकर (धागालेखक)

अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपली. तैनात केलेली लांब पल्ल्याची अण्वस्त्रं प्रत्येकी १५५० च्या आत ठेवायची आणि एकमेकांच्या तळांवर वर्षाला १८ वेळा जाऊन ती तपासायची, असं २०१० मध्ये प्राग इथं ठरलं होतं. कोविडमुळे २०२० मध्ये तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला. आता करारच उरलेला नाही.

परवा रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत हा विषय निघाला तेव्हा दोनच सूर लागले. अर्धे म्हणाले, बळी तो कान पिळी, बाकी सगळं पुस्तकी. उरलेले म्हणाले, सगळ्या देशांनी बॉम्ब समुद्रात बुडवले की प्रश्न मिटला. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. हे दोन्ही सूर मी वर्गात फार वर्षं ऐकले आणि दोन्हींनी या विषयाचं नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे. एकाला ते अशक्य वाटतं, दुसऱ्याला सोपं. जिथं ते खरंच घडलं, तिथं काय केलं गेलं हे बघायला दोघंही तयार नसतात.

घडलं ते सांगतो. ८ डिसेंबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी आयएनएफ करारावर सह्या केल्या. ५०० ते ५५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची, एकही शिल्लक ठेवायचं नाही. जून १९९१ पर्यंत २६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. सोव्हिएत संघाची १८४६ आणि अमेरिकेची ८४६. म्हणजे ज्याच्याकडे जास्त होती त्याने जास्त मोडली. एका बाजूने दुप्पट मोडायची आणि तरीही सही करायची, हे कशामुळे जमलं? प्रेम उतू चाललं होतं म्हणून नाही. दुसरा लबाडी करतोय की नाही हे आपल्या डोळ्यांनी बघता येईल, अशी व्यवस्था बसवली म्हणून.

ती व्यवस्था काय होती ते जरा जवळून बघा. उरल भागात वोत्किन्स्क नावाच्या गावात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा कारखाना होता. त्याच्या फाटकावर अमेरिकन तपासनीस येऊन राहिले, एका वेळी तीसपर्यंत माणसं. तिकडे अमेरिकेत युटामधल्या मॅग्ना इथं सोव्हिएत तपासनीस राहायला गेले. वोत्किन्स्कमध्ये एक अडचण होती. बंदी असलेल्या एसएस-२० चा खालचा टप्पा आणि बंदी नसलेल्या एसएस-२५ चा खालचा टप्पा बाहेरून जवळजवळ सारखाच दिसायचा. मग फाटकाशी मोठं क्ष-किरण यंत्र बसवलं, मालगाडीचा डबा त्यातून जाऊ लागला. हे २००१ पर्यंत चाललं. सोव्हिएत संघ नावाचा देश बुडाला, तरी फाटकावरची तपासणी चालू राहिली.

शस्त्रं कमी करण्याच्या वाटाही वेगवेगळ्या आहेत आणि आपण सगळ्यांची खिचडी करतो. काही करार नुसती वरची मर्यादा घालतात, १९७२ चा सॉल्ट तसा होता. काही आहेत त्यातली कमी करायला लावतात, १९९१ चा स्टार्ट तसा. काही एक पूर्ण प्रकारच हद्दपार करतात, जसा २०१९ मध्ये संपलेला आयएनएफ किंवा रासायनिक शस्त्रांचा. आणि काहींत शस्त्राला हातही लावलेला नसतो, फक्त चाचणी करताना शेजाऱ्याला आधी कळवायचं असतं. माझ्या दृष्टीने यातला शेवटचाही तितकाच महत्त्वाचा, कारण आपल्या आणि पाकिस्तानच्या बाबतीत आज तोच हाताशी आहे. त्याबद्दल पुढे लिहीन.

१९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रं होती. आज सुमारे १२,००० आहेत. एवढी घट कोणाच्या भाबडेपणाने झालेली नाही. तुमची मतं मांडा. विशेषतः विरोधी.

शिरोळचा_ऊसकरी

सर, नमस्कार. लिहिलंय ते पटण्यासारखं हाय. पण युक्रेनचं काय ते सांगा की. त्यांच्याकडं १९०० च्या आसपास मोठी अण्वस्त्रं हुती. १९९४ ला बुडापेस्टला कागदावर सह्या झाल्या, रशिया, अमेरिका, ब्रिटन सगळ्यांनी लिहून दिलं, तुमच्या सीमांचा मान राखू. २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला रणगाडे आत. गद्दाफीनं २००३ ला कार्यक्रम सोडून दिला आणि २०११ ला त्याचं काय झालं ते सगळ्या जगानं बघितलं. ह्यातनं शिकायचं काय? ज्यानं टाकलं तो गेला. आपण १९९८ ला पोखरणला केलं ते योग्यच केलं आणि आता कुणी कितीबी गोड बोललं तरी सोडायचं न्हाई, हे माझं मत.

गंगावेशकर

ऊसकरी, हाच सगळ्यात अवघड प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

युक्रेनमधली अण्वस्त्रं सोव्हिएत संघाची होती आणि ती डागण्याचे संकेत मॉस्कोच्या हातात होते. ताबा होता, पण चावी नव्हती. तरीही ती अण्वस्त्रं ही त्यांची सौद्यातली ताकद होतीच. प्रश्न असा की त्या बदल्यात त्यांना मिळालं काय? युक्रेनने दिलं ते मोजता येत होतं. अण्वस्त्रं रेल्वेने रशियात गेली, १९९६ च्या मध्यापर्यंत शेवटची खेप पोहोचली. युक्रेनला मिळालं ते मोजता येत नव्हतं. ‘सीमांचा मान राखू’ हे आश्वासन होतं. ते मोडलं तर कोण, किती दिवसांत, काय करणार, याचा त्यात एक शब्द नव्हता. एकाने माल दिला, दुसऱ्याने शब्द. माझा मुद्दा याने खोटा ठरत नाही, उलट पक्का होतो. दोन्ही बाजूंचं देणं तपासता येणार नसेल तर तो करार करूच नये.

दक्षिण आफ्रिकेचंही उदाहरण ठेवा. त्यांनी सहा बॉम्ब बनवले होते. ते स्वतःहून मोडले, १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारात आले आणि १९९३ मध्ये डी क्लर्क यांनी संसदेत जाहीर केलं. मग आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लोकांनी येऊन जुन्या नोंदींवरून युरेनियमचा हिशेब लावला. तो देश गेला नाही. पण त्यांच्या सीमेपलीकडे अण्वस्त्रधारी शत्रू नव्हता आणि आपल्या दोन बाजूंना आहेत, हा फरकही मी लपवत नाही.

शिरोळचा_ऊसकरी

सर, आता तुम्ही मोजण्याचं बोललात म्हणून सांगतो. आमच्या भागात ऊस घालणाऱ्या कुणालाबी विचारा, काटामारीचा राग काय असतो ते. कारखान्याचाच काटा, त्यांचाच माणूस, त्यांचीच पावती. एका हंगामात आम्ही ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घातली, मग आत. वजनात फरक आला, भांडण झालं. त्याच्यानंतर आमच्या गल्लीतली सगळीच ट्रॉली बाहेरनं वजन करून नेऊ लागली आणि भांडणं कमी झाली. तुमचं क्ष-किरण यंत्र म्हणजे बाहेरचा काटा, असं मी समजलो. बरोबर का?

गंगावेशकर

तंतोतंत.

गोकुळशिरगाव_मेल्टिंग

मी फौंड्रीत मेल्टिंगला आहे, त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळ्या बाजूचा. ‘क्षेपणास्त्र नष्ट केलं’ म्हणजे नेमकं काय करतात? आम्ही भट्टीत चार्ज टाकण्याआधी भंगार हाताने निवडतो. बंद नळी, बंद डबा, सिलिंडर असं काहीही असलं की बाजूला. आत ओल किंवा हवा कोंडलेली असेल तर वितळलेल्या धातूत पडल्याबरोबर स्फोट होतो आणि रस अंगावर येतो. २००४ मध्ये साहिबाबादला एका कारखान्यात आयात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार दगावले. तेव्हापासून आमच्याकडे परदेशी भंगार म्हटलं की पोटात गोळा येतो. कुठल्या तरी युद्धातला तोफगोळा, आणि मेला कोण तर भंगार निवडणारा.

लोखंडाचं मला कळतं. रणगाडा कापला, वितळवला, त्याचा पंप बनला, विषय संपला. पण अणुबॉम्बाच्या पोटात जे असतं ते कापून वितळवून कुठं जातं?

गंगावेशकर

लोखंडाचं मी सांगतो, पोटातल्याचं जाणकारांनी सांगावं.

आयएनएफमध्ये पद्धत ठरवून दिली होती. क्षेपणास्त्राचं इंधन जाळायचं किंवा स्फोटाने उडवायचं, काही तर नुसती डागून संपवली. लाँचर म्हणजे क्षेपणास्त्र वाहणारी मोठी गाडी, तिच्या चासीचा मागचा भाग कापायचा, म्हणजे गाडी दुसऱ्या कामाला लावली तरी तिच्यावर क्षेपणास्त्र चढणार नाही. दुसऱ्या देशाचा माणूस समोर उभा असायचा.

स्टार्ट करारातली बी-५२ ही बॉम्बफेकी विमानं अमेरिकेने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कापली. क्रेनला सहा टनांच्या आसपास वजनाचं पातं टांगायचं आणि उंचावरून सोडायचं. शेपूट वेगळं, पंख वेगळे. मग ते तुकडे ९० दिवस तसेच उघड्यावर ठेवायचे, रशियाच्या उपग्रहांना वरून दिसावेत म्हणून. अशी ३६५ विमानं कापली. तुमच्या प्रश्नात एक फार खोल गोष्ट आहे. आयएनएफने क्षेपणास्त्र मोडायला लावलं, पण टोकाचा अणुबॉम्ब काढून परत नेण्याची मुभा होती. करारातली ही फट खरी आहे.

रसायन_शिक्षिका

पोटातल्याचं मी सांगते.

बॉम्बात मुख्यतः दोन गोष्टी वापरतात, उच्च समृद्ध युरेनियम किंवा प्लुटोनियम. युरेनियमवर उपाय आहे. बॉम्बात यू-२३५ चं (युरेनियमच्या फुटणाऱ्या प्रकाराचं) प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं, वीज बनवणाऱ्या अणुभट्टीला ५ टक्क्यांपेक्षा कमी पुरतं. म्हणजे बॉम्बातलं युरेनियम साध्या युरेनियममध्ये मिसळून पातळ करायचं. १९९३ मध्ये अमेरिका आणि रशियाने हाच सौदा केला. वीस वर्षांत रशियाने ५०० टन बॉम्बयोग्य युरेनियम पातळ केलं, ते जवळपास २०,००० अण्वस्त्रांइतकं होतं, आणि त्याचं इंधन अमेरिकेने विकत घेतलं. २०१३ मध्ये शेवटची खेप गेली. त्या काळात अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १० टक्के वीज याच इंधनावर तयार झाली. ज्या शहरांवर ते बॉम्ब रोखलेले होते, त्याच शहरांत त्यांच्यावर दिवे लागले. हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी माझा आवाज थोडा जड होतो.

प्लुटोनियमचं तसं होत नाही. त्याला असं सहज पातळ करून निकामी करता येत नाही. दोन्ही देशांनी प्रत्येकी ३४ टन प्लुटोनियम निकालात काढायचं २००० मध्ये ठरवलं, पण २०१६ मध्ये रशियाने ते स्थगित केलं. म्हणून ‘सगळं बुडवून टाका’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती, आधी हे कुठं ठेवायचं ते सांगा.

आता माझ्या जवळचा विषय. शिकवायला लागण्याआधी मी कोकणपट्टीतल्या एका रासायनिक कारखान्यात होते. आम्ही ट्रायइथेनॉलअमाइन वापरायचो. ते साबणात, क्रीममध्येही जातं. पण त्याच्यापासून नायट्रोजन मस्टर्ड हा विषारी वायूही बनवता येतो, म्हणून ते रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या यादीत आहे. बॉलपेनच्या शाईत जाणारं थायोडायग्लायकॉलही त्याच कराराच्या आणखी एका यादीत, त्याच्यापासून मस्टर्ड गॅस होतो. वर्षअखेरीला माझ्याकडे तक्ता यायचा. किती टन आलं, किती वापरलं, किती शिल्लक. पिंपांचा स्टॉक आणि रजिस्टर जुळलं नाही तर घरी जाता यायचं नाही. तेव्हा वैताग यायचा. नंतर कळलं की हा करार राबवणाऱ्या हेगमधल्या संस्थेचे तपासनीस भारतातल्या कारखान्यांत येऊन असलेच तक्ते बघतात, आणि जगभरचे असे कंटाळवाणे तक्ते मिळूनच तो करार उभा आहे.

त्याने काय साधलं? करार १९९७ मध्ये लागू झाला. तोपर्यंत आपल्याकडे रासायनिक शस्त्रं नाहीत असंच आपण म्हणत होतो. १९९७ मध्ये भारताने १००० टनांहून जास्त मस्टर्ड जाहीर केला आणि २००९ पर्यंत सगळा नष्ट केला. अमेरिकेने शेवटचा साठा जुलै २०२३ मध्ये केंटकीत संपवला. करारातल्या देशांनी जाहीर केलेले सगळे साठे आता संपले आहेत. ‘जाहीर केलेले’ हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिते. सीरियाने २०१३ मध्ये १३०० टन जाहीर केले, ते बाहेर काढून नष्ट झाले, आणि तरी २०१७ मध्ये खान शेखून गावात सारीन हा विषारी वायू वापरला गेला. ती मुलांची छायाचित्रं ज्यांनी बघितली त्यांना ‘करार यशस्वी’ एवढंच म्हणून थांबता येणार नाही.

एमपीएससी_कट्टा

सर, मॅडम, खूप उपयोगी माहिती. मला परीक्षेच्या पलीकडचा प्रश्न आहे. आपल्या पुस्तकात एका पानावर ‘भारत निःशस्त्रीकरणाचा पुरस्कर्ता’ असतं आणि पुढच्या पानावर ‘भारताने एनपीटीवर (अण्वस्त्रप्रसारबंदी करार) सही केली नाही, सीटीबीटीवर (सर्वंकष अणुचाचणीबंदी करार) सही केली नाही’. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं?

गंगावेशकर

दोन्ही खरं आहे आणि दोन्हींमध्ये ताणही आहे.

मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दूर समुद्रात असलेल्या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. पुढच्याच महिन्यात नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. त्या वेळी ती फार थोडे देश करत होते. १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी करारावर भारताने सही केली. १९६८ मध्ये एनपीटी आला. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कधीच बनवायचं नाही. पहिल्या गटानेही निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी कराव्यात असं कलम ६ मध्ये आहे, पण कधीपर्यंत, ते नाही. आपला आक्षेप तिथंच होता आणि तो रास्त होता, आजही आहे. जून १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत आराखडा मांडला, टप्प्याटप्प्याने २०१० पर्यंत सगळी अण्वस्त्रं संपवायची. कोणी मनावर घेतलं नाही.

इथपर्यंत मी भारताच्या बाजूने वर्गात पोटतिडकीने बोलायचो. पण पुढचंही बोललं पाहिजे. २०१७ मध्ये १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार संमत केला, त्यात ‘तुम्हाला चालेल, आम्हाला नाही’ असा भेदभाव नाही. आपण त्या वाटाघाटींना गेलोच नाही. ‘भेदभाव आहे म्हणून नाही’ हा आपला आक्षेप आता आपली ढाल झालाय, असं मला वाटतं. हे मत अनेकांना रुचणार नाही, पण मी ते जबाबदारीने लिहितोय.

चार_दरवाजा

शस्त्रं काढून घेणं आणि शस्त्रं कमी करणं यात आकाशपाताळाचं अंतर आहे, ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १८४४ मध्ये कंपनी सरकारच्या नव्या कारभाराने गडकऱ्यांच्या पिढीजात हक्कांवर गदा आणली, तेव्हा सामानगडावर उठाव झाला. भुदरगड, पन्हाळा पेटले. इंग्रजांनी तोफा लावून गड घेतले आणि मग तटबंद्या पाडल्या. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच जमीनदोस्त झाला, आज रस्त्याला फक्त अवशेष दिसतात. १८७८ चा शस्त्र कायदा त्याच वाटेवरचा. हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. याला निःशस्त्रीकरण म्हणायचं नाही. ती जिंकलेल्याने हरलेल्यावर केलेली सक्ती.

युरोपातही हेच झालं. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला एक लाखाच्या वर सैन्य नाही, रणगाडे नाहीत, विमानदल नाही असं बांधून टाकलं. इतर देशांनीही पुढे शस्त्रं कमी करावीत असं म्हटलं होतं, ती कमी झाली नाहीत. १९३३ मध्ये हिटलरने जर्मनीला जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेतून बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातात तक्रार आयती होती.

आणि उलटं उदाहरणही कोल्हापूरचंच. संस्थानचं स्वतःचं सैन्य होतं, राजाराम रायफल्स. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, ती पलटण भारतीय सेनेत गेली. पाचशेहून जास्त संस्थानं विलीन झाली आणि ज्यांच्याकडे सैन्य होतं त्यांनी ते सोडलं, कारण वर एक मोठं छत्र आलं आणि उद्या शेजारच्या संस्थानाने चढाई केली तर कोण उभं राहील याची खात्री होती. देशादेशांच्या वर तसं छत्र नाही. मूळ दुखणं हेच आहे. सरांची तपासणी त्याच्यावर उतारा नाही, ती तोपर्यंतची सोय आहे, असं माझं म्हणणं.

गंगावेशकर

मान्य. तात्पुरतीच सोय. पण त्या छत्राची वाट बघत बसलो तर तोपर्यंत ही सोयही हातची जाईल.

माजी_सॅपर

जयहिंद. गडहिंग्लजकडचा आहे, बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता दलातून निवृत्त. थोडं लिहितो.

डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रममध्ये आम्ही पंजाब-राजस्थानच्या हद्दीवर सुरुंग पेरले. शेतात पेरले, कारण हद्द शेतातूनच जाते. नंतर तेच आम्ही काढले. पेरणं आणि काढणं यात किती फरक आहे ते सांगतो. पेरताना एक तुकडी रात्रीत मोठी पट्टी उरकते. काढताना पोटावर झोपायचं, दोन्ही बाजूला पांढरी फीत, आणि प्रॉडर म्हणजे टोकदार सळई, ती तिरकी जमिनीत सरकवत जायची. उभी खुपसायची नाही, सुरुंगाचा दाब वरून बसतो. सळई कशाला लागली की हाताने माती बाजूला करायची. सगळा भरवसा पेरताना काढलेल्या नकाशावर. त्यात कालव्याचं पाणी येऊन सुरुंग सरकलेले, वाळूच्या टेकड्या हललेल्या. माणसं गेली आमची. शेतकऱ्यांचे पाय गेले, जनावरं गेली.

म्हणून सुरुंगबंदीच्या १९९७ च्या ओटावा कराराबद्दल मला आदर आहे. भारत त्यात नाही. आणि सैनिक म्हणून खरं सांगायचं तर जिथं घुसखोरी रोजची आहे तिथं उद्या सगळे काढा असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने त्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं, त्यांची भीती मला समजते. पण जो पेरतो त्याने नकाशा ठेवायचा आणि त्यालाच काढायला लावायचं, ही अट कुणालाही पाळता येते.

दुसरं, चीन सीमेबद्दल. १९९६ च्या करारात लिहिलंय, प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून २ किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले, दगड, दांडकी, खिळे ठोकलेले सोटे यांनी. बंदुकीची गोळी सुटली नाही. लोक मला विचारतात, अशा कराराला काय अर्थ? मी त्या जवानांच्या जागी उभा राहून विचार करतो आणि मला राग येतो, हे लपवणार नाही. तरीही सांगतो, त्या रात्री दोन्हीकडून गोळ्या सुटल्या असत्या तर सकाळी तोफा बोलल्या असत्या.

एमपीएससी_कट्टा

सलाम सर. मग आपल्या आणि पाकिस्तानमध्ये आज करण्यासारखं एखादं पाऊल कोणतं? एकच सांगा.

गंगावेशकर

यासाठीच मी पहिल्या पोस्टमध्ये जागा ठेवली होती.

आहे ते आधी. ३१ डिसेंबर १९८८ ला दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच दिवशी याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलनंतरही झाली. २००२ च्या १ जानेवारीला झाली, माजी सॅपर सांगतात त्या वेळी, दोन्ही सैन्यं समोरासमोर असताना. मे २०२५ च्या संघर्षानंतरही ती थांबली नाही. दुसरा करार ऑक्टोबर २००५ चा. बॅलिस्टिक (उंच झेप घेऊन लक्ष्यावर कोसळणाऱ्या) क्षेपणास्त्राची चाचणी करायची तर किमान तीन दिवस आधी दुसऱ्याला कळवायचं.

आता भोक कुठं आहे ते बघा. हा करार फक्त बॅलिस्टिकला लागू आहे, क्रूझला (विमानासारखं हवेतून उडत जाणाऱ्या क्षेपणास्त्राला) नाही. ९ मार्च २०२२ ला देखभाल चालू असताना आपलं एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, जीवितहानी झाली नाही. सरकारने चूक मान्य केली आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. ब्रह्मोस ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या आसपास जातं. ते बघणाऱ्याला ‘चूक की हल्ला’ हे ठरवायला काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत समोरच्याने काय ठरवलं असतं याचा विचार करून मला अजून झोप लागत नाही.

माझं एक पाऊल हे, की २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं घ्यावीत आणि चाचणीच्या सूचनेबरोबर ‘चुकून सुटलं तर कोणी कोणाला किती मिनिटांत फोन करायचा’ हेही लिहावं. यात एकही क्षेपणास्त्र मोडायचं नाही. कोणाला तळ दाखवायचा नाही.

माजी_सॅपर

फोनच्या बाबतीत दुजोरा. दोन्ही डीजीएमओंमधली (दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमधली) हॉटलाइन १९७१ च्या युद्धानंतरची. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन त्याच पद्धतीने आला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचं ठरलं. ही वायर कुणी तोडली नाही म्हणून ती त्या दिवशी कामाला आली.

शिरोळचा_ऊसकरी

सर, मी अजूनबी म्हणतो, आपला बॉम्ब सोडायचा न्हाई. पण हे चुकून सुटायचं कलम मला पटलं. ह्याला विरोध करायला कारणच दिसत न्हाई. आता मागायचं कुणाकडं? आपण हितं लिहून दिल्लीला कळणार हाय का?

गंगावेशकर

आपल्या जिल्ह्यातून कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन खासदार लोकसभेत आहेत. प्रश्नोत्तराच्या तासासाठी सदस्याला किमान १५ दिवस आधी प्रश्न द्यावा लागतो. दोन्ही कार्यालयांत मी स्वतः अर्ज घेऊन जातो. मसुदा असा करतोय, सुधारणा सुचवा:

‘परराष्ट्र मंत्री सांगतील काय, (अ) बॅलिस्टिक क्षेपणास्त्र चाचणीच्या पूर्वसूचनेबाबत भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००५ मध्ये झालेला करार क्रूझ क्षेपणास्त्रांना लागू करण्याचा प्रस्ताव सरकारच्या विचाराधीन आहे काय, (आ) ९ मार्च २०२२ च्या घटनेनंतर अपघाताने सुटलेल्या क्षेपणास्त्राची सूचना तत्काळ देण्यासाठी कोणती कार्यपद्धती ठरवण्यात आली, (इ) नसल्यास, त्याची कारणे काय?’

रसायन_शिक्षिका

(आ) मध्ये ‘कार्यपद्धती’च्या आधी ‘दोन्ही देशांत लेखी स्वरूपात’ घाला. नाहीतर ‘अंतर्गत कार्यपद्धतीचा आढावा घेतला’ एवढंच उत्तर येईल.

गंगावेशकर

घातलं. सोमवारी घेऊन जातो. दुपारी कोणाला सोबत यायचं असेल तर इथंच कळवा.